रसायन बदलेल, बसबार राहील : नाशिकच्या उद्योजकांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष व पदाधिकारी, निमा आणि आयमा (नाशिकच्या उद्योजक संघटना),
तसेच अंबड, सातपूर, सिन्नर आणि गोंदे इथले सर्व लघुउद्योजक

सप्रेम नमस्कार.

पुढच्या बैठकीत ‘नाशिकला मदर इंडस्ट्री, म्हणजे भोवती वेंडर जगवणारा मोठा कारखाना, मिळालीच पाहिजे’ हा ठराव येईल, टाळ्या पडतील आणि तो एकमताने मंजूर होईल. दरवर्षी होतो. यंदा त्याला गिगाफॅक्टरीची, म्हणजे बॅटरीचे सेल बनवणाऱ्या अवाढव्य कारखान्याची, मागणी जोडायचं चाललंय म्हणे. ठरावाला माझा विरोध नाही, मागायला पैसे पडत नाहीत. पण त्या ठरावाच्या आडोशाला बसून आपण जे करायचं टाळतोय त्याबद्दल मला बोलायचं आहे. बैठकीत मिळणाऱ्या तीन मिनिटांत ते मावत नाही, म्हणून हे पत्र.

बॅटरीच्या आतलं रसायन येत्या दहा-पंधरा वर्षांत दोनदा तरी बदलेल. ते कोणतं असेल हे ठरवणं तुमच्या-माझ्या हातात नाही. पण कोणतंही आलं तरी त्याच्याभोवती तांबं लागणार, अ‍ॅल्युमिनियम लागणार, पत्र्याची पेटी, थंडाव्याच्या प्लेटा, कॉन्टॅक्टर (करंट जोडणारे-तोडणारे स्विच), फ्यूज लागणार. ही कामं करणारे हात नाशिकमध्ये पन्नास वर्षं तयार होत आले आहेत. आपण मात्र सेलकडे डोळे लावून बसलोय, आणि सेलभोवतीच्या ऑर्डरी चाकण आणि होसूरकडे वळताहेत.

मी अंबडमध्ये प्रेसकाम आणि बसबारचं, म्हणजे जास्त करंट वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचं, युनिट चालवते. वडिलांनी सातपूरला एका भाड्याच्या गाळ्यात सुरू केलं, मी ते पुढे नेलं. निम्मं काम स्विचगियर (वीज जोडणारी-तोडणारी सामग्री) पॅनेलचं, उरलेलं वाहनांचं, आणि त्यातलं बरंचसं एकेकाळी डिझेलच्या लाइनला जात असे. आपल्यापैकी अनेकांचं असंच आहे. बॉशचा इथला कारखाना म्हणजे डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर. त्याच्याभोवती मायक्रॉनमध्ये बोलणारे टर्नर, ग्राइंडर आणि टूलरूम वाढले. महिंद्राच्या गाड्या म्हणजेही बहुतांशी डिझेलच. नाशिकच्या वाहन उद्योगाच्या अंगात डिझेल मुरलेलं आहे.

डिझेलला ओहोटी लागली तेव्हा आपण काय केलं ते आठवून बघा. २०१२-१३च्या सुमारास देशात विकल्या जाणाऱ्या कारमध्ये निम्म्याहून जास्त डिझेलच्या होत्या. ऑक्टोबर २०१४मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले, पेट्रोलशी असलेली दरी बुजत गेली. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ हे धुराचं कडक मानक लागू झालं आणि त्याच दिवसापासून मारुतीने डिझेल कार बनवणं थांबवलं. त्यानंतर शंभर कारमागे वीससुद्धा डिझेलच्या राहिल्या नाहीत. इलेक्ट्रिक कारचा या सगळ्याशी काडीचाही संबंध नव्हता. आमच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाचं शेड्यूल तेव्हा एका तिमाहीत निम्म्यावर आलं. फोन केला तर उत्तर मिळालं, ‘मॅडम, मार्केट स्लो आहे, दोन महिने थांबा.’ मार्केट स्लो नव्हतं, मार्केटने घर बदललं होतं. सहा वर्षं आधीपासून दिसत असलेली गोष्ट आपल्या कुठल्याच सभेच्या विषयपत्रिकेवर आली नव्हती.

आता गिगाफॅक्टरीबद्दल. केंद्राने २०२१मध्ये प्रगत सेलसाठी १८,१०० कोटींची प्रोत्साहन योजना आणली, उद्दिष्ट ५० गिगावॉटतास. टाटांच्या अग्रतास कंपनीचा कारखाना गुजरातेत साणंदला उभा राहतोय, ओलाचा कारखाना तामिळनाडूत कृष्णगिरीला. समजा उद्या असा एखादा कारखाना सिन्नरला आला. त्याला लागेल काय? लिथियमचे क्षार, कॅथोडची पावडर, ग्राफाइट, केसाहून बारीक तांब्याची आणि अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, विभाजक पडदा, इलेक्ट्रोलाइट. यातलं एक तरी अंबडमध्ये बनतं का? यंत्रं चीन, कोरिया, जपानमधून येतील. आत ड्राय रूम असेल, तिथली हवा इतकी कोरडी की दवबिंदू उणे ४० अंशांच्या खाली ठेवावा लागतो, आणि माणसं अगदी मोजकी. आपल्या वाट्याला येईल शेडचं बांधकाम, कँटीन आणि सिक्युरिटीचं कंत्राट. कारचा कारखाना आला की भोवती दोनशे वेंडर जगतात, हे आपण महिंद्राच्या अनुभवावरून धरून चाललोय. सेलचा कारखाना त्या जातीचा नाही. तो जवळजवळ रासायनिक कारखाना आहे.

दुसरी वाट पाहणी याहून महागात पडतेय, कारण ती शहाणपणासारखी दिसते. कोणाशीही बोला, उत्तर ठरलेलं : ‘अहो, ही लिथियमची बॅटरी तात्पुरती आहे. सॉलिड स्टेट येतेय, सोडियम येतेय. आत्ता पैसे टाकले आणि उद्या टेक्नॉलॉजी बदलली तर?’ शंका रास्त आहे, म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवं.

आजच्या लिथियम-आयन सेलमध्ये दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये जो द्रव असतो तो ज्वलनशील सेंद्रिय द्रावक आहे. सेल बिघडून तापला की आग तिथून भडकते. सॉलिड स्टेटमध्ये या द्रवाच्या जागी घन पदार्थ येतो, सिरॅमिक, सल्फाइड किंवा पॉलिमर. मग ऋण बाजूला ग्राफाइटऐवजी थेट लिथियम धातू वापरता येईल, तेवढ्याच वजनात जास्त ऊर्जा मावेल. कागदावर हे सुंदर आहे. टोयोटाने २०१७च्या सुमारास सांगितलं की २०२०च्या दशकाच्या सुरुवातीला गाडी येईल; आता ते २०२७-२८ म्हणतात. सॅमसंगही २०२७ म्हणते. मर्सिडीजने सप्टेंबर २०२५मध्ये अशा बॅटरीची चाचणी गाडी श्टुटगार्टहून स्वीडनमधल्या माल्मोपर्यंत १,२०५ किलोमीटर एका चार्जवर नेली. म्हणजे तंत्र खोटं नाही. अडचण कारखान्यात आहे. लिथियमचे सुईसारखे फाटे घन थरातूनही वाट काढतात, दोन घन पृष्ठभाग सतत एकमेकांना चिकटून राहायला हवेत, आणि सल्फाइडला ओलावा लागला तर विषारी हायड्रोजन सल्फाइड सुटतो. पहिली काही वर्षं या बॅटऱ्या महागड्या गाड्यांतच बसतील. नाशिककर जी पंधरा-वीस लाखांची गाडी घेतो तिच्यात त्या यायला बराच अवकाश आहे.

त्या बॅटऱ्या उद्याच आल्या तरी काय होईल? लिथियम धातूचा थर चार्ज होताना फुगतो, डिस्चार्ज होताना आकसतो. म्हणून अनेक रचनांमध्ये सेलच्या गठ्ठ्यावर सतत मोठा दाब ठेवावा लागतो, कित्येकदा काही मेगापास्कलचा. तो दाब देणार कोण? जाड प्लेटा, टाय रॉड, स्प्रिंगा, सपाटपणा शंभरांश मिलिमीटरमध्ये राखलेले पृष्ठभाग. हे रसायन नाही, हे फिटरचं काम आहे. म्हणजे ज्या बॅटरीच्या भीतीने आपण हात आखडून बसलोय, ती आलीच तर प्रेस आणि मशीनिंगवाल्यांचं काम वाढवूनच येईल.

सोडियमचंही तसंच. चीनच्या सीएटीएलने एप्रिल २०२५मध्ये ‘नॅक्स्ट्रा’ नावाचा सोडियम-आयन सेल जाहीर केला, किलोमागे १७५ वॉटतास, उणे ४० ते ७० अंशांपर्यंत चालणारा. आकडा लिथियम लोह फॉस्फेटच्या, म्हणजे आपण ज्याला एलएफपी म्हणतो त्याच्या जवळ पोचलाय. आपल्याकडे रिलायन्सने जानेवारी २०२२मध्ये ब्रिटनमधली फॅराडियन ही सोडियमवाली कंपनी घेतली. डिसेंबर २०२३मध्ये पुण्याच्या केपीआयटीने आयसर पुणेसोबत केलेलं सोडियमचं काम लोकांसमोर आणलं. म्हणजे हे काम दोनशे किलोमीटरवर चाललंय. सोडियममध्ये ऋण बाजूची फॉइल तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमची चालते, कारण लिथियम जसा अ‍ॅल्युमिनियमशी संयोग करतो तसा सोडियम करत नाही. सेल स्वस्त होतो, कच्च्या मालासाठी लिथियमच्या देशांकडे बघावं लागत नाही. मात्र ऊर्जा थोडी कमी, म्हणून तेवढ्याच किलोमीटरसाठी सेल जास्त, पेटी मोठी, सांधे जास्त. पूर्ण भरलेला आणि रिकामा सेल यांच्या व्होल्टेजमधला फरकही मोठा, त्यामुळे पुढची सगळी विद्युत सामग्री त्या पट्ट्यात टिकायला हवी. बसबारवाल्याने यात घाबरायचं कशाला?

रसायन प्रयोगशाळेतून रस्त्यावर यायला किती वेळ लागतो याचा नमुना आज आपल्या दारात उभा आहे. एलएफपीचा मूळ शोधनिबंध १९९७चा. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत अक्षय पाढी आणि नंजुंडस्वामी या आपल्याच देशाच्या संशोधकांनी ते काम केलं. गुडइनफ यांना २०१९मध्ये, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांच्यासोबत, लिथियम-आयनसाठी नोबेल मिळालं. आणि एलएफपी कारमध्ये खऱ्या अर्थाने पसरलं २०२०नंतर, बीवायडीची ब्लेड बॅटरी आली तेव्हापासून. २०२४मध्ये जगात इलेक्ट्रिक गाड्यांसाठी लागलेल्या बॅटऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या एलएफपी होत्या. शोध ते बाजार, जवळपास पाव शतक. तोपर्यंत जे थांबले ते थांबलेच, आणि चीनने मधल्या काळात पेटी, प्लेट, बसबार, कॉन्टॅक्टर सगळं शिकून घेतलं.

आजची बॅटरी कामाला पुरेशी आहे का, हेही एकदा नाशिकच्याच रस्त्यावर तपासू. नाशिक-मुंबई साधारण १७० किलोमीटर. ४०-४५ किलोवॉटतासाची एलएफपी बॅटरी एवढं अंतर एसी लावून आरामात काढते. जाताना इगतपुरीपासून समुद्रसपाटीपर्यंत सुमारे ६०० मीटरचा उतार आहे. दोन टनांची गाडी तेवढी खाली आली की साधारण ३.३ किलोवॉटतास ऊर्जा मोकळी होते, आणि ब्रेक लावताना मोटर जनरेटर बनून त्यातला मोठा हिस्सा परत आत घेते. डिझेल गाडीत तो कसारा घाटात ब्रेक पॅड तापवण्यात जातो. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई मध्ये तर ५९ आणि ७९ किलोवॉटतासाच्या एलएफपी बॅटऱ्या आहेत. त्या गाड्या चाकणला बनतात हे आपल्याला लागलंय, मला ठाऊक आहे. पण त्याआधीची एक्सयूव्ही ४०० नाशिकलाच बनत होती. तेव्हा तिच्या पॅकमधला किती माल आपण दिला, हा प्रश्न आपण एकमेकांना विचारायला हवा होता.

आता माझ्या आवडीच्या विषयावर येते. थोडं तांत्रिक होईल, पण हे पत्र उद्योजकांना आहे.

सुमारे ४०० व्होल्टच्या एलएफपी पॅकमध्ये ३.२ व्होल्टचे सव्वाशे सेल एकामागोमाग जोडलेले असतात. प्रत्येक सेलला दोन सांधे, म्हणजे अडीचशे. एका सांध्याचा रोध १०० मायक्रोओहम राहिला आणि त्यातून ३०० अँपिअर गेले तर तिथे ९ वॉट उष्णता होते. अडीचशे सांध्यांवर सव्वादोन किलोवॉट, आणि तीही सेलच्या डोक्यावर, जिथे ती मुळीच नको. करंट दुप्पट केला तर उष्णता चौपट. म्हणून सांध्याचा रोध जमेल तितका खाली आणावा लागतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो सगळीकडे सारखा लागतो. एक सांधा ढिला म्हणजे एक सेल कायम गरम, तो लवकर म्हातारा होतो आणि आपल्यासोबत अख्ख्या पॅकला खाली ओढतो. तांब्यावर निकेलचं प्लेटिंग किती मायक्रॉन, कापताना राहणारी धातूची धार (बर) कुठे उरली, लेझर वेल्डच्या आधी पृष्ठभाग किती स्वच्छ, कंपनात सैल होऊ नये म्हणून बसबारला बाक कुठे द्यायचा, सारा खेळ यात आहे. आपल्या स्विचगियरवाल्या पोरांना मायक्रोओहममीटर धरायला शिकवावं लागत नाही. चाकणला नवं युनिट टाकणाऱ्याला लागतं.

दुसरी गोष्ट डीसीची. एसी करंट ५० हर्ट्झला सेकंदात शंभर वेळा शून्यातून जातो, म्हणून ब्रेकर उघडताना पडलेली ठिणगी त्या शून्याला विझते. डीसीत ते शून्य येतच नाही. ४०० व्होल्ट डीसीचा भरलेला मार्ग तोडला की कॉन्टॅक्टमधला आर्क, म्हणजे ती ठिणगी, पेटताच राहतो, त्याला ओढून, ताणून, थंड करून मारावं लागतं. म्हणून इलेक्ट्रिक कारच्या कॉन्टॅक्टरमध्ये सिरॅमिकची सीलबंद खोली असते, आत बहुधा हायड्रोजनसारखा वायू, बाजूला आर्कला फुंकून लांबवणारी चुंबकं. त्याच्या जोडीला पायरोफ्यूज, जो अपघातात बारक्या स्फोटाने बसबारच कापून टाकतो. गाड्या ४००वरून ८०० व्होल्टवर चालल्या आहेत, काही १,०००वर. व्होल्टेज वाढलं की आर्क मारणं आणखी अवघड. आणि ज्या शहरात एबीबी आणि सीजी, आपलं जुनं क्रॉम्प्टन, अनेक वर्षं स्विचगियर बनवताहेत, त्या शहराला आर्क म्हणजे काय हे सांगावं लागतं का? कॉन्टॅक्टचा मिश्रधातू, सिरॅमिकला धातू जोडणारं ब्रेझिंग, गळती तपासणी, हजारो वेळा उघडझाप करून बघणं, ही विद्या इथे निवृत्त होऊन इंदिरानगरच्या कट्ट्यावर बसलेली आहे. तिच्याकडून शिकून घ्यायला आपण गेलोच नाही.

चार्जिंगच्या वेगाने हे सगळं आणखी तापणार आहे, शब्दशः. मार्च २०२५मध्ये बीवायडीने १,००० व्होल्ट आणि १,००० अँपिअरचं चार्जिंग दाखवलं, पाच मिनिटांत सुमारे ४०० किलोमीटर. हा एक मेगावॉट झाला. आपल्या औद्योगिक वसाहतीत कोपऱ्यावर जो ६३० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला अशी एकच गाडी पेलणार नाही. आणि त्यातले तीन टक्के जरी पॅकमध्ये उष्णता झाले तरी ३० किलोवॉट, म्हणजे दीड टनाच्या सहा एसींना पाच मिनिटं पूर्ण राबावं लागेल इतकं काम. ते एका सपाट अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटमधून करायचंय, जिच्यात पाणी-ग्लायकॉल फिरतं आणि जिचा एकही सांधा गाडीच्या आयुष्यात गळता कामा नये. एवढा वेग आपल्याकडे लगेच येईल असं मला वाटत नाही, गरजही नाही. पण ट्रान्सफॉर्मर न वाढवता वेगवान चार्जर चालवायचा तर शेजारी एक स्थिर बॅटरी ठेवून ती हळूहळू भरायची, हा मार्ग समृद्धीवर सिन्नर-इगतपुरीच्या टप्प्यात लागणारच आहे. राज्याच्या २०२५च्या धोरणाने महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगचं उद्दिष्ट ठेवलंय, समृद्धीवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफीही ठेवलीय. ती स्थिर बॅटरीची कपाटं, त्यातले बसबार, त्यांचे डीसी ब्रेकर कोण बनवणार?

इथे काही जण म्हणतील, बाई, आगीचं काय. एप्रिल २०२२मध्ये पाथर्डी फाट्याजवळ कंटेनरमधल्या वीस इलेक्ट्रिक स्कूटर जळाल्या, आपल्यातले कित्येक जण त्याच रस्त्याने रोज जातात. त्या वर्षी देशभर अशा घटना झाल्या आणि सरकारने नियम आवळले. बॅटरी सुरक्षेचं मानक, दुचाकी-तीनचाकींसाठी एआयएस-१५६ आणि कारसाठी एआयएस-०३८, सुधारलं, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू झालं. एक सेल मुद्दाम बिघडवून आग शेजारच्या सेलमध्ये जाते का ते बघायचं, पेटी पाण्यात बुडवून आत थेंब जातो का ते बघायचं. एलएफपी या बाबतीत निकेलवाल्या सेलपेक्षा शांत आहे, ते जास्त तापमानापर्यंत तग धरतं आणि बिघडताना प्राणवायू सहज सोडत नाही. तरी चुकीचा बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) आणि गंजलेला सांधा कोणत्याही रसायनाला पेटवू शकतात. नियम कडक झाल्याने फटका बसला तो पेट्या आयात करून स्टिकर लावणाऱ्यांना. मापात काम करणाऱ्याची त्यामुळे किंमत वाढली.

अडचण चाचणीची आहे, आणि माझी संघटनांकडे मुख्य मागणी तीच आहे. बसबार असेंब्लीचा साधा नमुना प्रमाणित करायचा तर पुण्याला एआरएआय या वाहन चाचणी संस्थेकडे जायचं, नंबर लागायची वाट बघायची, नापास झालं की डाय बदलून पुन्हा तेच. मोठ्या कंपनीला हे परवडतं. वीस माणसांच्या युनिटला पहिल्या नापाशीलाच घाम फुटतो आणि ती ऑर्डर सोडून देते. शिलापूरला सीपीआरआय या केंद्राच्या वीज संशोधन संस्थेची प्रादेशिक प्रयोगशाळा आली, त्यासाठी आपल्याच संघटनांनी पाठपुरावा केला, त्याचं श्रेय पदाधिकाऱ्यांना द्यायलाच हवं. आता तिथे वाहनांच्या डीसी सामग्रीसाठी सोय मागा. १,००० व्होल्ट डीसीवर कॉन्टॅक्टर आणि फ्यूज तोडून बघायची बेंच, हजार अँपिअरपर्यंत बसबारचं तापमान मोजायची बेंच, कंपन, मिठाचा फवारा, बुडवण्याची चाचणी. अंतिम प्रमाणपत्र पुण्याचं असू दे. पण पुण्याला जाण्याआधी आपल्याला इथे नापास होता आलं पाहिजे, स्वस्तात आणि आठवड्याभरात.

खर्च कोण करणार, हे मला विचारलं जाईलच. राज्याच्या आणि केंद्राच्या क्लस्टर योजनांमध्ये सामायिक सुविधेला अनुदान मिळतं, आपण इंजिनिअरिंग क्लस्टरसाठी ते घेतलेलंही आहे. हॉल, प्रदर्शन, पाहुण्यांची सरबराई यावर जेवढा उत्साह खर्च होतो त्याच्या निम्मा या कामाला लागला तरी पुरे.

डिझेल उद्या बंद होणार नाही, तेही स्पष्ट लिहिते. २०२४मध्ये देशात विकल्या गेलेल्या शंभर कारमध्ये दोन-तीनच इलेक्ट्रिक होत्या. चीनमध्ये, प्लग-इन हायब्रिड धरून, जवळपास निम्म्या. आपला वेग त्यांच्यासारखा नसेल. पिकअप, ट्रॅक्टर, जनरेटर अजून बराच काळ डिझेल पिणार. म्हणून कोणी चालू लाइन मोडून नवी मशीनं घ्यावीत असं मी म्हणत नाही, मीही ते केलेलं नाही. ऑर्डरी लहान आहेत, ड्रॉइंग वारंवार बदलतं, पेमेंट तसंच नव्वद दिवसांनी. शिवाय चीनने एप्रिल २०२५मध्ये दुर्मीळ मृद्धातूंच्या चुंबकांवर निर्यातबंधन घातलं तेव्हा इथल्या वाहन कंपन्यांची कशी धावपळ झाली ते आपण पाहिलं. जुलैमध्ये त्यांनी एलएफपी कॅथोडचं तंत्रही निर्यात नियंत्रणाखाली आणलं. सेल आणखी काही वर्षं बहुतांश बाहेरूनच येणार आणि तो नळ कधी बंद होईल याचा भरवसा नाही. पण पॅकच्या किमतीतला पाव ते तिसरा हिस्सा सेलच्या बाहेरचा असतो, त्याला या नळाशी देणंघेणं नाही. तो उद्या कृष्णगिरीच्या सेलभोवती लागेल, साणंदच्या लागेल, सोडियमच्या लागेल. गुंतवणुकीचा धोका इथे सर्वात कमी आहे, आणि आपण घाबरतोय नेमकं इथेच.

दोन गोष्टी घाईत. सातपूरच्या आयटीआयमध्ये उच्च व्होल्टेज डीसीवर सुरक्षित काम कसं करायचं याचा छोटा अभ्यासक्रम संघटनांनी पुढाकार घेऊन सुरू करून घ्यावा. उच्च व्होल्टेजच्या केशरी केबलला हात लावण्याआधी काय करायचं हे न शिकता पोरं गाड्या उघडताहेत, आणि द्वारकेपासून पाथर्डी फाट्यापर्यंतच्या गॅरेजवाल्यांनाही त्याची तितकीच गरज आहे. आणि निफाड-दिंडोरीतल्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये प्रीकूलिंगसाठी वीज गेली की डिझेल जनरेटर धडधडतात. गाडीतून उतरवलेली बॅटरी सत्तर-ऐंशी टक्के क्षमता राखून असते, तिथे ती अजून कित्येक हंगाम चालेल. पॅक उघडून, सेल मोजून, पुन्हा बांधून देणारं युनिट नाशिकमध्ये निघू शकतं. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटरीची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, तेव्हा असा माल घ्यायला माणूस शोधत तेच येतील. यावर स्वतंत्रपणे बोलू.

तूर्तास विनंती एवढीच, की पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर मदर इंडस्ट्रीच्या ठरावाच्या आधी डीसी चाचणी सुविधेचा विषय घ्यावा आणि सीपीआरआयच्या अधिकाऱ्यांना त्या दिवशी बोलावून घ्यावं. स्विचगियरमधून निवृत्त झालेल्या काही जणांशी मी बोलले आहे, ते बेंचचा आराखडा मोबदल्याशिवाय करून द्यायला तयार आहेत. बसबारवाल्या तीन-चार युनिटांची नमुने देण्याची तयारी आहे, त्यात माझं एक. तारीख कळवावी, आराखडा आणि खर्चाचा अंदाज घेऊन आम्ही हजर राहू.

आपली,
अंबडमधील एक लघुउद्योजिका